शिरोलीतला सर्व्हर: बॅकअपसाठी थेट रूट लॉगिन चालू होईना, आणि करावं का तेही कळेना

शिरोली_हीटनंबर

नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कॉम्प्युटरचं सगळं बघतो. प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत मी एकटाच. सर्व्हरही एकच, ऑफिसच्या मागच्या खोलीत. उबुंटू २२.०४, त्यावर पोस्टग्रेस डेटाबेस आणि आमचा ईआरपी, म्हणजे कारखान्याच्या कामकाजाचा प्रोग्राम. प्रत्येक हीटचा (भट्टीतल्या एका वितळणीचा) नंबर, तिचा स्पेक्ट्रो रिपोर्ट (धातूत काय किती आहे त्याचा), कुठल्या हीटचा धातू कुठल्या कास्टिंगला गेला, ही सगळी नोंद त्यात आहे. गिऱ्हाइकाने तीन वर्षांपूर्वीच्या कास्टिंगचा हीट नंबर विचारला तर त्याच दिवशी कागद द्यावा लागतो. हा डेटा गेला तर भट्टी पेटलेली असूनही आमचा माल गेटबाहेर जाणार नाही.

मागच्या वर्षी गिऱ्हाइकाच्या ऑडिटआधी बाहेरच्या एका पार्टीकडून सर्व्हर टाइट करून घेतला. त्यांनी रूटचं, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचं, एसएसएच लॉगिन (दुसऱ्या मशीनवरून सर्व्हरवर शिरणं) बंद केलं, पासवर्डने शिरणं बंद केलं, फायरवॉल लावली. काय काय केलं त्याचा कागद मात्र दिला नाही. मी माझ्या खात्याने एसएसएच-की (पासवर्डऐवजीची किल्लीची फाईल) वापरून शिरतो आणि लागेल तिथे सुडो करतो, म्हणजे तेवढ्या कमांडपुरते रूटचे अधिकार घेतो. आजवर अडलं नव्हतं.

आता अडलंय. या पावसाळ्याआधी बॅकअप शिरोलीच्या बाहेर न्यायचं मालकांनी मनावर घेतलंय. २०१९ ला आणि २०२१ ला महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली होता, ते इथल्या सगळ्यांना आठवत असेल. २०२१ ला मी कसबा बावड्यात घरी अडकलो. शियेकडचा रस्ताही बंद. आणि बॅकअपची हार्ड डिस्क सर्व्हरशेजारच्याच कपाटात! खोलीत पाणी शिरलं नाही, पण त्या रात्री मी कशा काढल्या ते मलाच माहीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघाली की मला अजूनही आधी ती हार्ड डिस्क आठवते.

मालकांच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात एक मशीन ठेवलंय. दोन्हीकडे व्हीपीएन (इंटरनेटवरूनच खासगी जोडणी) आहे, त्या मशीनचा पत्ता १०.८.०.२५. बॅकअप सॉफ्टवेअरवाले म्हणतात, "रूटचं थेट लॉगिन द्या, नाहीतर सगळ्या फाईली मालक आणि परमिशनसकट वाचता येणार नाहीत."

मी एसएसएचडी (एसएसएचचा सर्व्हरवरचा प्रोग्राम) कॉन्फिगच्या मुख्य फाईलमध्ये अगदी शेवटी परमिट-रूट-लॉगिन येस लिहिलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली. परमिशन डिनाइड. रूटला पासवर्ड लावला. तरी परमिशन डिनाइड. फाईल परत परत वाचली, ओळ तिथेच आहे.

विचारायचं दोन गोष्टींचं. हे का होत नाही? आणि मुळात करावं का? ऑडिटसाठी पैसे देऊन बंद करून घेतलेलं दार मीच उघडतोय, हे मनाला पटत नाही. पण बॅकअप बाहेर गेला नाही तर पुढच्या पुराला मी परत तिथेच.

इचल_लूमवाला

भावा, उबुंटूत रूटचं खातं मुळातच लॉक असतं, त्यामुळे पासवर्ड लावलास ते बरोबर केलंस. आता पासवर्ड ऑथेंटिकेशन पण येस कर आणि रीस्टार्ट मार, होईल. पोर्ट २२ बदलून दुसरा दे आणि फेल-टू-बॅन (पुन्हा पुन्हा चुकणाऱ्याला रोखणारा प्रोग्राम) टाक. माझ्याकडे चार यंत्रमाग कारखान्यांचे सर्व्हर आहेत, सेंटओएस ७ पासून सगळीकडे रूटनेच जातो. एकट्या माणसाला सुडोचा व्याप कशाला?

राजारामपुरी_टर्मिनल

शिरोलीकर दादा, पुढचं वाचायच्या आधी रूटचा पासवर्ड लॉक करा: सुडो पासडब्ल्यूडी, पुढे उणे आणि लहान एल, मग रूट. याने तुमचं काही अडणार नाही. उबुंटूत यूज-पॅम (लॉगिनची तपासणी सिस्टिमकडे सोपवणारी सेटिंग) येस असतं, त्यामुळे पासवर्ड लॉक असला तरी की वापरून आत येता येतं.

लूमवाले दादा, तुमचं चार ठिकाणी चाललंय हे मी खोटं म्हणत नाही. पण सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला, त्याला आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. त्यात रूटला पासवर्डने येता यायचं, म्हणून आपल्या सगळ्यांना ती सवय लागली. खुद्द ओपनएसएसएचने ऑगस्ट २०१५ मध्ये, ७.० आवृत्तीपासून, रूटला पासवर्डने येऊ द्यायचं नाही असंच ठरवून टाकलं. पोर्ट बदलल्याने लॉगमधला गोंगाट कमी होतो, फेल-टू-बॅनने प्रयत्न मंदावतात. दोन्ही कामाचे आहेत, पण पासवर्ड दुबळा असेल तर त्याची भरपाई ते करत नाहीत.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. २०१७ ला मी कोल्हापुरातल्याच एका संस्थेत होते. सर्व्हर थेट इंटरनेटवर, रूट येस, आणि एकच पासवर्ड आम्ही तिघं वापरायचो. एका सोमवारी सकाळी सीपीयू शंभर टक्के. बघितलं तर कोणीतरी आत येऊन कॉइन काढायचा प्रोग्राम बसवला होता. लॉगमध्ये हजारो फसलेले प्रयत्न आणि शेवटी एक ओळ, रूटचा पासवर्ड मान्य. ते निस्तरलं, नव्याने इन्स्टॉल करून दोन दिवसांत सगळं उभं केलं. पण त्याच्या आधल्या आठवड्यात एक फोल्डर उडाला होता आणि तो कोणी उडवला हे शेवटपर्यंत कळलं नाही. लॉगमध्ये नाव एकच, रूट. साहेबांनी तिघांनाही केबिनमध्ये बोलावलं. मी केलेलं नव्हतं, आणि ते दाखवायला माझ्या हातात काहीही नव्हतं. वर्षभरात मी ती नोकरी सोडली. तेव्हापासून कोणी रूट लॉगिन मागितलं की मी पहिलं हेच विचारते: कोण येणार, कुठून येणार आणि आत येऊन नेमकं काय करणार?

आता तुमचं का होत नाही ते. उबुंटू २२.०४ मध्ये मुख्य फाईलच्या अगदी वर एक इन्क्लूडची ओळ असते. ती एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी या फोल्डरमधल्या सगळ्या फाईली आधी वाचते. आणि एसएसएचडीचा नियम आपल्या सवयीच्या उलटा आहे: एखादी सेटिंग दोनदा आली तर पहिली धरली जाते, नंतरची सोडून दिली जाते. टाइट करणाऱ्यांनी त्या फोल्डरमध्ये एक फाईल टाकून नो लिहिलं असणार. तुमचं येस सगळ्यात खाली आहे, तिथवर गोष्ट पोचतच नाही. डोळ्यांनी शोधत बसू नका. सुडो लावून एसएसएचडीला मोठ्या टी चा पर्याय द्या, प्रत्यक्षात लागू असलेली प्रत्येक सेटिंग तो छापून देतो.

त्याच यादीत अलाऊ-युजर्स किंवा अलाऊ-ग्रुप्स आहे का बघा. माझा अंदाज, असणार. मग परमिट-रूट-लॉगिनला काहीही लिहा, रूट त्या ग्रुपमध्ये नसेल तर दारातूनच परत जाईल. बाहेर दिसतं तेच, परमिशन डिनाइड, त्यामुळे माणूस चुकीच्या ठिकाणी खणत बसतो. खरं कारण ऑथ लॉगमध्ये (लॉगिनच्या नोंदींच्या फाईलमध्ये) स्पष्ट लिहिलेलं असतं. एक खिडकी लॉगवर लावून ठेवा आणि दुसरीतून लॉगिन करून बघा.

आता करावं का. बरेच जण सांगतील, रूट नको, वेगळं बॅकअप खातं काढा आणि त्याला सुडोने आरसिंक (फाईली कॉपी करणारा प्रोग्राम) चालवू द्या. ऐकायला बरं वाटतं. पण बंधन न घालता आरसिंकला सुडो दिलं तर ते खातं पासवर्डची फाईलसुद्धा बदलून टाकू शकतं. नाव बदललं, ताकद रूटचीच. त्यापेक्षा रूटच द्यावं, पण एकाच कामापुरतं. परमिट-रूट-लॉगिनला येस आणि नो शिवाय आणखी दोन किमती आहेत. प्रोहिबिट-पासवर्ड म्हणजे की चालेल, पासवर्ड नाही. आणि फोर्स्ड-कमांड्स-ओन्ली म्हणजे ज्या कीला एक ठरलेली कमांड बांधलेली आहे तेवढीच की आत येईल आणि तेवढीच कमांड चालेल. तुमच्यासाठी ही दुसरी.

सरसकट नो तसंच राहू द्या. मुख्य फाईलच्या शेवटी दोन ओळी जोडा (शब्द मराठीत लिहितेय, फाईलमध्ये इंग्रजी स्पेलिंगने):

मॅच युजर रूट ॲड्रेस १०.८.०.२५
परमिट-रूट-लॉगिन फोर्स्ड-कमांड्स-ओन्ली

मॅचच्या खालची सेटिंग वरच्या सरसकट सेटिंगला मागे टाकते, त्यामुळे इथे तो पहिलीचा नियम आड येत नाही. मग राजारामपुरीच्या मशीनवर खास या कामासाठी नवी ईडी-२५५१९ की काढा. तिचा सार्वजनिक भाग सर्व्हरवर रूटच्या ऑथराइज्ड-कीज फाईलमध्ये घाला, आणि त्याच ओळीत आधी तीन गोष्टी: फ्रॉम, म्हणजे फक्त १०.८.०.२५ वरून. रिस्ट्रिक्ट, म्हणजे टर्मिनल नाही, फॉरवर्डिंग नाही. आणि कमांड, त्यात आरआरसिंक उणे आरओ आणि ज्या फोल्डरचा बॅकअप हवा तो. आरआरसिंक ही आरसिंकबरोबर येणारी छोटी स्क्रिप्ट आहे, आरओ म्हणजे फक्त वाचणं. रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या प्रोग्राममधून) चालायचं म्हणून त्या कीला पासफ्रेज, म्हणजे कीचा स्वतःचा पासवर्ड, ठेवता येणार नाही. उद्या ते मशीन कोणी उचलून नेलं तरी त्या कीने सर्व्हरवर एक अक्षरही लिहिता येणार नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. रूटच्या एसएसएच फोल्डरची परमिशन ७०० आणि ऑथराइज्ड-कीजची ६०० ठेवा, सैल असली तर एसएसएचडी ती फाईल नाकारू शकतो.

शेवटचं, आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुम्ही एकटे आहात. बदल करताना एक सेशन उघडं ठेवा, काम संपेपर्यंत ते बंद करू नका. रीस्टार्टनेही चालू सेशन तुटत नाही. बदलाआधी ॲट कमांडने दहा मिनिटांनंतरचं एक काम लावा: जुनी फाईल परत जागेवर ठेव आणि एसएसएच रीलोड कर. सगळं नीट झालं तर ते काम रद्द करा. नाही झालं तर दहा मिनिटं थांबा, दार आपोआप पहिल्यासारखं होईल. आणि रीलोडच्या आधी दर वेळी एसएसएचडीला लहान टी देऊन फाईल तपासा.

गडहिंग्लज_पीजी

ताईंचं लॉगिनचं सगळं पटलं. मला एक वेगळीच भीती वाटतेय. पोस्टग्रेसचा डेटा फोल्डर चालू असताना आरसिंकने उचलणार असाल तर तो बॅकअप नाही. फाईली कॉपी होत असतानाच ईआरपी त्यात लिहीत असतो. एक फाईल रात्री १ वाजताची, दुसरी १ वाजून ४ मिनिटांची. पुरानंतर त्यातून डेटाबेस उठला तर नशीब, आणि उठून आतल्या आत बिघडलेला असला तर अजून वाईट, कारण लवकर कळणारही नाही.

पीजी-डंप वापरा. तो चालू डेटाबेसचा एका क्षणाचा सुसंगत डेटा देतो, ईआरपी बंद करावा लागत नाही. पोस्टग्रेस युजरच्या क्रॉनमधून लावा, रूट लागत नाही. डेटाबेसमधले युजर आणि त्यांचे पासवर्ड डंपमध्ये येत नाहीत, ते पीजी-डंप-ऑल ग्लोबल्स-ओन्ली देऊन वेगळे घ्या. बरेच जण हेच विसरतात आणि रिस्टोअरच्या दिवशी अडकतात.

डंप ज्या फोल्डरात पडतो तो एका साध्या बॅकअप खात्याला वाचायला द्या. स्कॅन केलेले रिपोर्ट ईआरपीच्या खात्याचे असतील, त्यांनाही सेट-एफएसीएल कमांडने त्याच खात्याला वाचायची परवानगी द्या. डिफॉल्टवाली पण द्या, नाहीतर नव्या फाईली सुटतील. मग मोजून बघा, रूट खरोखर कशाला लागतंय. माझ्या मते फक्त ईटीसी फोल्डरला, म्हणजे सर्व्हरच्या सेटिंगच्या फाईलींना.

राजारामपुरी_टर्मिनल

पीजी दादांचं बरोबर आहे, डेटाबेसचं मी विचारायलाच हवं होतं. तसंच करा. रूटची की फक्त ईटीसीला बांधा. ईटीसीमध्ये पासवर्डचे हॅशही असतात, म्हणून राजारामपुरीच्या मशीनची डिस्क एन्क्रिप्ट केलेली हवी.

शिरोली_हीटनंबर

चार दिवसांनी लिहितोय. आमची सुट्टी सोमवारी असते, त्या दिवशी भट्टी बंद असताना केलं.

मोठ्या टी ने लगेच कळलं. परमिट-रूट-लॉगिन नो. शोधल्यावर ते डॉट डी फोल्डरमधल्या एका फाईलमध्ये सापडलं. आणि ताईंचा अंदाज खरा निघाला, अलाऊ-ग्रुप्सही होता, त्या ग्रुपमध्ये मी एकटाच. रूटला आणि नव्या बॅकअप खात्याला युजरमॉडने त्यात घातलं. शेवटी लिहिलेलं माझं येस काढून टाकलं. रूटचा पासवर्ड तर तुमचं वाचल्या वाचल्या लॉक केला होता.

एक ठेच लागली, दुसऱ्या कोणाची वेळ वाचेल म्हणून सांगतो. मॅचच्या ओळी मी फाईलच्या मध्येच लिहिल्या, परमिट-रूट-लॉगिनची जुनी ओळ जिथे होती तिथे. लहान टी ने तपासल्यावर त्रुटी आली की यूज-पॅम मॅच ब्लॉकमध्ये चालत नाही. मी तर यूज-पॅमला हातही लावला नव्हता! मग उलगडलं: मॅच लिहिलं की पुढचा मॅच येईपर्यंत किंवा फाईल संपेपर्यंत सगळं त्याच्याच पोटात जातं. ताईंनी शेवटी जोडा म्हटलं होतं ते यासाठी. खाली हलवलं, त्रुटी गेली. तपासल्याशिवाय रीलोड मारला असता तर काय झालं असतं या विचाराने अंगावर काटा आला.

दुसरी ठेच आरआरसिंकची. राजारामपुरीहून मी ईटीसीचा पूर्ण पत्ता देत होतो आणि फोल्डर सापडत नाही म्हणत होता. बांधलेल्या फोल्डरच्या आतला पत्ता द्यायचा असतो, नाहीतर तो ईटीसीच्या आत आणखी एक ईटीसी शोधतो. नुसता टिंब दिला, चाललं.

त्याच कीने मुद्दाम साधं लॉगिन करून बघितलं, शेल मिळाला नाही. माझ्या लॅपटॉपवरून रूटने प्रयत्न केला, नाकारलं. दोन्ही वेळा ऑथ लॉगमध्ये स्वच्छ नोंद आहे. बॅकअप सॉफ्टवेअरवाल्यांचं सॉफ्टवेअर बांधलेल्या कमांडवर चालत नाही म्हणाले, त्यांना पूर्ण रूटच हवं. मालकांसमोर बसून ताईंची ती केबिनची गोष्ट सांगितली. मालक म्हणाले, "आपल्याकडं उद्या दुसरा माणूस आला आन् काय झालं, तर मी तुझ्याकडंच बघणार न्हाई का?" ते सॉफ्टवेअर घेतलं नाही. साधा आरसिंक आणि क्रॉन.

काल दुपारी राजारामपुरीत त्या मशीनवर डंप रिस्टोअर केला. ग्लोबल्स आधी, मग डंप. ४० मिनिटं लागली. २०२२ मधला एक हीट नंबर टाकला, केमिस्ट्री आली, स्कॅन केलेला स्पेक्ट्रो रिपोर्टही उघडला. मी तिथंच मालकांना फोन लावला.

एक राहिलं. ऑडिटवाले लॉग किती दिवस ठेवता विचारतात. आमच्या ऑथ लॉगच्या फक्त चार जुन्या फाईली दिसतात.

राजारामपुरी_टर्मिनल

वाचून फार बरं वाटलं. लॉगचं असं: उबुंटू दर आठवड्याला फाईल फिरवतं आणि चार ठेवतं, म्हणजे महिनाभरच. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगितलंय. लॉगरोटेट डॉट डी फोल्डरमधल्या आरसिसलॉगच्या फाईलमध्ये रोटेट ४ आहे, ते २७ करा. आणि ती फाईल ईटीसीतच आहे, आज रात्री तिचाही बॅकअप होईल.

मान्य झालेल्या प्रत्येक लॉगिनच्या ओळीत कीचा फिंगरप्रिंट असतो. तुमची की, बॅकअप खात्याची की आणि रूटची की, तिन्हींचे फिंगरप्रिंट आजच एका वहीत लिहून ठेवा. ती वही शिरोलीच्या कपाटात ठेवू नका.

शिरोली_हीटनंबर

२७ केलं. वही बावड्याला घरी, वरच्या मजल्यावर.